अंगठ्याआड

पहिल्यांदा आप्पांना फोनवर सांगितलं, की आज डोळ्यांदेखत हिमनदी व्याली, तेव्हा पलीकडून जरा वेळ काहीच आवाज आला नाही. मग त्यांनी विचारलं, "आणि वासरू केवढं?"

शब्द माझा नव्हता. अलास्काच्या किनाऱ्यावर हिमनद्या थेट समुद्रात उतरतात. त्यांच्या तोंडाचा कडा तुटून पाण्यात पडतो, त्याला तिथले लोक गाय व्यायल्याचाच शब्द वापरतात. मी तो तसाच उचलून आप्पांना मराठीत दिला होता. गोठ्यात आयुष्य गेलेल्या माणसाला पुढचा प्रश्न तोच पडणार. मी म्हटलं, "आपल्या घराएवढं होतं. आता तुकडे होऊन खाडीत तरंगतंय."

"आणि मग?"

"मग त्याच्यावर सील चढतात, आप्पा. माद्या त्या बर्फावरच पिल्लं घालतात आणि पाजतात."

"म्हणजे वासरू कामी आलं," ते म्हणाले, आणि म्हशीची धार काढायची राहिलीय म्हणून फोन ठेवला.

ते साल २०१३. नवऱ्याची नोकरी अँकरेजला, माझ्या हातात नुकताच कामाचा परवाना आलेला. दोन-अडीच तासांवर सिवर्ड नावाचं बंदराचं गाव आहे, तिथं उन्हाळ्यात समुद्री कयाकच्या, म्हणजे वल्ह्यानं चालवायच्या अरुंद होडीच्या, सहली निघतात. मी तिथं आधी प्रशिक्षण घेतलं आणि मग चार उन्हाळे गाइड म्हणून काम केलं. लोकांना कयाकमध्ये बसवून हिमनद्यांपर्यंत न्यायचं, वाटेत सील, समुद्री ऊद, पफिन, नशीब असेल तर देवमासा दाखवायचा आणि संध्याकाळी सगळ्यांना कोरडं परत आणायचं.

सांगलवाडीची मुलगी तिथं कशी टिकली, असं इकडं आल्यावर पुष्कळांनी विचारलं. मला वाटतं, सांगलवाडीची होते म्हणूनच टिकले. आमच्या घरापासून कृष्णा हाकेच्या अंतरावर. पलीकडे सांगली, मध्ये १९२९ सालचा आयर्विन पूल. श्रावणात नदी फुगली की होड्यांच्या शर्यती लागायच्या आणि आप्पा तरुणपणी त्यात वल्हं मारायचे. सातवीत असताना त्यांनी मला नावेत बसवलं आणि पहिली गोष्ट सांगितली ती हाताची. "वल्हं आवळायचं न्हाई. आवळलं की खांदा मरतो. बोटांनी नुसतं धरायचं, पाणी कमरेनं ओढायचं." वीस वर्षांनी सिवर्डच्या धक्क्यावर आमच्या मुख्य गाइडबाईंनी नव्या लोकांना पहिला धडा दिला, तो हाच.

पाण्यावर जायला सांगलीकडच्या माणसाला फार मोठी होडी लागत नाही, हेही मी लहानपणापासून पाहिलेलं. गुऱ्हाळावर रस आटवायची मोठी काहील असते ना, ती पाण्यात सोडून माणसं पैलतीरावर जायची. पुरात अडकलेली म्हातारी माणसंही काहिलीतून आणलेली मी बघितली आहेत. काहील सरळ जात नाही, गरगर फिरते. तिला सरळ ठेवणं हे कसबच. गूळ करायचं भांडं माणसाला तारतं, याचं मला लहानपणी फार अप्रूप होतं. अलास्कात कळलं, की कयाकही अशीच हाताशी असेल त्यातून जन्माला आलेली गोष्ट आहे. त्या किनाऱ्यावरचे सुगपियाक लोक समुद्रानं वाहून आणलेल्या लाकडांचा सांगाडा बांधायचे आणि त्यावर सील किंवा सी लायनचं कातडं ताणून बसवायचे. शिवण पाणी धरू नये म्हणून बायका टाका असा घालायच्या, की सुई कातड्याच्या आरपार जायची नाही. आजच्या प्लॅस्टिकच्या आणि फायबरच्या कयाकचा आकार बघितला तर तो अजून त्या बायकांच्या शिवणीतला आहे.

सकाळचं काम मला सगळ्यात आवडायचं. सहाला धक्क्यावर यायचं. तिथं जूनमध्ये रात्री अकरालाही उजेड असतो, त्यामुळे सहा म्हणजे चांगलं उगवलेलं असायचं. कयाक मोटरबोटीच्या टपावर चढवायच्या, आठ पाहुणे आत, आणि बोट आयलिक खाडीकडे निघायची. अडीच-तीन तासांचा प्रवास. गोट्यांच्या किनाऱ्यावर बोट नाक टेकवायची, आम्ही उतरायचो, आणि बोट गेली की तिथं आमच्याशिवाय दुसरं माणूस नसायचं.

मग प्रत्येकाला बसवायचं. ही गोष्ट जरा नीट सांगते, कारण माझा जीव तिच्यात अडकलेला आहे. कयाकमध्ये बसायला जे तोंड असतं, त्यावर झाकण म्हणून एक स्कर्ट असतो. तो आधी कमरेला चढवायचा, मग बसल्यावर त्याची रबरी कड तोंडाच्या कडेवर मागून पुढे ताणत बसवायची. पुढच्या टोकाला कापडी पट्टीचा एक फास असतो. तो फास बाहेर राहिलाच पाहिजे. कयाक उलटली तर पाण्याखाली डोकं असताना माणसानं तो धरून ओढायचा, स्कर्ट निघतो आणि माणूस बाहेर पडतो. फास आत दबला, तर ओढायला काही नाही. त्या पाण्यात उन्हाळ्यातही माणूस फार वेळ काढू शकत नाही, बोटं काही मिनिटांत निकामी होतात. म्हणून मी प्रत्येक कयाकपाशी गुडघ्यापर्यंत पाण्यात उभी राहायचे आणि त्या फासात माझं बोट घालून एक झटका द्यायचे. मग माणसाचा हात धरून तो त्यावर ठेवायचे आणि डोळे मिटून पुन्हा शोधायला लावायचे. मोठमोठ्या हुद्द्यावरची माणसं त्या वेळी शाळेतल्या पोरांसारखी बघायची. चार उन्हाळ्यांत एकदाही मी तो झटका चुकवला नाही.

एकदा किनारा सुटला, की पहिला बदल होतो तो आवाजाचा. मोटरबोटीचा घरघराट कानातून जायला वेळ लागतो. मग वल्ह्यावरून ओघळणारं पाणी ऐकू येतं. मग लांब कुठं धबधबा. आणि बर्फाच्या तुकड्यांमध्ये शिरलो की चहूबाजूंनी तडतड सुरू होते, गरम तेलात मोहरी पडावी तशी. हिमनदीचा बर्फ म्हणजे शेकडो वर्षांपूर्वी पडलेला हिमवर्षाव, वरच्या वजनानं दाबला गेलेला, आणि त्यात तेव्हाची हवा बारीक बुडबुड्यांत कोंडलेली. बर्फ समुद्रात वितळतो तसे ते बुडबुडे फुटतात. पाण्याखाली हा आवाज एवढा मोठा असतो, की शास्त्रज्ञांनी मोजला तेव्हा हिमनदीच्या खाड्या समुद्रातल्या सगळ्यात गोंगाटाच्या जागांपैकी निघाल्या. वरून बघावं तर पाणी ताकासारखं, कारण हिमनदीनं दळलेल्या खडकाचं पीठ त्यात मिसळलेलं असतं. मी पाहुण्यांना कान वल्ह्याच्या दांड्याला लावायला सांगायचे. पातं पाण्यात आणि दांडा कानाशी. पाण्याखालचा तो सगळा गोंगाट दांड्यातून वर येतो. त्यानंतर कुणी बोलायचं नाही, मला सांगावंही लागायचं नाही.

समुद्री ऊद मात्र सगळ्यांना बोलकं करायचे. पाठीवर तरंगणारा प्राणी, पोटावर पिल्लू. त्याच्या अंगावर सील-देवमाशांसारखा चरबीचा थर नसतो. ऊब राहते ती केसांमुळे, आणि एका चौरस सेंटिमीटरला लाखाच्या वर केस. ह्याच केसांपायी १७४१ नंतर त्यांची अशी शिकार झाली, की १९११ मध्ये आंतरराष्ट्रीय करारानं ती थांबवली तेव्हा मोजके कळप उरले होते. आई तळाशी शिंपले आणायला बुडी मारते तेव्हा पिल्लू वर एकटं तरंगत राहतं. ते बुडूच शकत नाही, बुचासारखं असतं. ते एकटं दिसलं की पाहुण्यांना हमखास वाटायचं, सोडून दिलेलं आहे, जवळ जाऊ या. आणि मला सांगावं लागायचं, की आपण जवळ गेलो तरच ते सोडून दिलेलं होईल.

जवळ जाणं. माझ्या कामातली रोजची झुंज तीच होती.

नियम पुष्कळ होते. कुबड्या देवमाशापासून शंभर यार्ड, म्हणजे नव्वद-एक मीटर, हा तर कायदाच. हिमनदीच्या कड्यापासून आम्ही अर्धा मैल राखायचो, कारण कडा कोसळला की लाट उठते आणि कधीकधी पाण्याखालचा बर्फ सुटून अचानक वर उसळतो. बर्फावर पिल्लं घेऊन पडलेल्या सीलपासून आता सरकारी सूचनेत पाचशे यार्ड सांगितले आहेत. पण पाण्यावर यार्ड कसे मोजणार? तिथं ना झाड, ना खांब. समोर चारशे फूट उंचीचा निळा कडा असेल तर तो हातात येईल इतका जवळ वाटतो.

मुख्य गाइडबाईंनी आम्हांला दोन साधी मापं दिली होती. एक कानाचं. कडा कोसळताना आधी दिसतो, आवाज नंतर येतो. मधले आकडे मोजायचे. हे मला नवं नव्हतं. वळवात वीज चमकली की आप्पा शेतात थांबवून आकडे मोजायला लावायचे, तीन झाले की एक किलोमीटर. आयलिक खाडीतल्या हिमनदीच्या पुढ्यात बर्फाचा सुळका सावकाश कलताना दिसायचा, अगदी गुपचूप, आणि मी मनात म्हणायची, एक, दोन, मग तोफेसारखा आवाज छातीत. दोनाच्या आत आला तर आपण फार पुढं आलोय. लाट त्यानंतर बऱ्याच वेळानं यायची, आणि तेव्हा नाक तिच्याकडे वळवून ठेवायचं, बस.

दुसरं माप अंगठ्याचं. हात सरळ लांब करायचा, अंगठा उभा धरायचा, एक डोळा मिटायचा. समोरचा प्राणी अंगठ्याआड पूर्ण झाकला गेला, तर अंतर बरं. बाजूनं शेपूट जरी डोकावली, तरी मागं सरकायचं.

आणि एक वही होती. सहलीहून आल्यावर तीत भरायचं : तारीख, वारा, भरती-ओहोटीच्या वेळा, पाहुणे किती, काय काय दिसलं. शेवटचा रकाना बाईंनी स्वतः आखलेला होता. निघताना प्राणी कुठे होता? आपण आलो तेव्हा तो जिथं होता, आपण निघताना तिथंच आणि तेच करत असला पाहिजे. त्यांच्या लेखी सहल चांगली झाली की वाईट, ते या एका रकान्यावर ठरायचं. देवमासा किती उंच उडाला, पाहुणे किती खूश झाले, बक्षिसी किती मिळाली, यातलं काही त्या विचारत नसत.

२०१४ च्या जूनमध्ये तो रकाना मी असा भरला, की अजून वाचवत नाही.

त्या दिवशी धुकं होतं. कडा दिसत नव्हता, म्हणून पाहुणे हिरमुसले होते. एवढे पैसे खर्चून आलेली माणसं. त्यातल्या एका गृहस्थांकडे मोठी लेन्स होती आणि त्यांना सीलचं पिल्लू हवं होतं. धुक्यात बर्फाच्या लाद्यांवर करड्या आकृत्या दिसत होत्या, वीसेक तरी. ते म्हणाले, थोडं पुढं. मी थोडं पुढं घेतलं. प्रवाहही आम्हांला तिकडंच ओढत होता आणि मी त्याला ओढू दिलं. अंगठा मी धरला नाही. धरला असता तर काय दिसेल ते मला माहीत होतं.

आधी एका सीलनं मान वर केली. हे पहिलं लक्षण असतं, तिथंच थांबायला हवं होतं. मग तिच्या पलीकडच्या दोघांनी. मग एक घसरली पाण्यात आणि तिच्यामागं सगळ्याच गेल्या. लाद्या रिकाम्या झाल्या. एका लादीवर तेवढं एक पिल्लू राहिलं, काही दिवसांचं असेल, अजून अंगावर सुरकुत्या असलेलं. ते इकडून तिकडं सरकत होतं आणि ओरडत होतं. सीलच्या पिल्लाचा आवाज कुणी ऐकला असेल तर त्याला कळेल. लांबलेला 'मा' असतो तो. मी आठही जणांना वळवलं आणि आम्ही जितकं जोरात मागं जाता येईल तितकं गेलो. लांब थांबलो. धुक्यातून तो आवाज येतच राहिला, मग धुकं दाट झालं आणि आवाज थांबला. आई आली म्हणून थांबला की काय झालं, ते मला कधीच कळलं नाही.

फोटो चांगला आला होता. त्या गृहस्थांनी मला तो नंतर पाठवलाही, मोठ्या कौतुकानं. मी तो ठेवलेला नाही.

संध्याकाळी बाईंनी वही वाचली. त्या रागावल्या नाहीत. माझ्यासमोर बसल्या, चहा केला, आणि म्हणाल्या, तुझ्या पाहुण्यांनी तुझ्याकडे पुढं जायला पैसे दिलेत असं तुला वाटतं, त्यांनी थांबवायला दिलेत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पुन्हा त्याच खाडीत पाठवलं. तो दिवस लख्ख होता. मी आयलिकच्या पुढ्यात आठ माणसांना पाऊण तास एका जागी धरून ठेवलं, लांब, अगदी लांब, आणि सील लाद्यांवर पडून होत्या. एकीनं कूस बदलली. एवढंच घडलं. निघताना एका आजींनी माझा हात दाबला.

सिवर्डजवळ एक्झिट नावाची हिमनदी आहे, ती समुद्रापर्यंत येत नाही, रस्त्यानं जाता येतं. सुट्टीच्या दिवशी मी तिथं जायचे. त्या रस्त्याच्या कडेला मधेमधे साध्या पाट्या आहेत, त्यांवर नुसतं साल लिहिलेलं. त्या साली हिमनदीची कड इथवर होती. १९१७ ची पाटी झाडीत आहे. पुढं चालत राहिलं की १९५१. मग बरंच पुढं, २०१०. पाट्यांमधलं अंतर पायांनी मोजत जायचं. २०१० ची पाटी ओलांडल्यावरही बर्फ अजून पुढं, वर सरकलेला असायचा. बर्फ जिथून नुकताच गेलाय तिथं मातीही नसते, घासलेला खडक असतो, आणि त्याच्या भेगेत पहिलं शेवाळ.

मी २०१७ मध्ये परत आले. आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्या पाट्या मला सांगलवाडीत आठवल्या.

आयर्विन पुलाशी ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका, हे आमच्याकडच्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ चा पूर मी पाहिला होता, हरिपूरला हळद साठवायच्या जमिनीखालच्या पेवांत पाणी शिरलं तो पूर. सगळे म्हणाले होते, असा परत यायचा नाही. आप्पा घर सोडायला तयार नव्हते, म्हशींमुळे. म्हशी आधी हलवल्या, मग आप्पा. दहा-बारा दिवसांनी घरात आलो तेव्हा भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर हातभर गाळाची रेघ होती, पाणसळीनं मारल्यासारखी सरळ. आप्पांनी ती पुसू दिली नाही. ऑइलपेंट आणून तिच्यावर लिहिलं, २०१९. खाली २००५ ची रेघ होतीच. दोन वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, त्यांनी तिसरं साल लिहिलं. सांगलीत कुठंही फिरा, देवळांच्या, दुकानांच्या, वाड्यांच्या भिंतींवर ही सालं दिसतील. तिकडं सालं बर्फ किती मागं गेला ते दाखवतात, इकडं पाणी किती वर आलं ते. मी दोन्ही ठिकाणी हात लावून उभी राहिलेली आहे.

पूर का येतो यावर आमच्याकडं प्रत्येक कट्ट्यावर भांडण आहे. कुणी धरणांचं नाव घेतं, कुणी ढगफुटीसारख्या पावसाचं, कुणी नदीपात्रातल्या भरावांचं. मला त्यातलं एक फार लागतं. नदीसाठी रेषा आखलेल्या आहेत. पंचवीस वर्षांतून एकदा येईल असा पूर जिथवर पोचतो ती निळी, शंभर वर्षांतून एकदाचा जिथवर पोचतो ती लाल. निळीच्या आत बांधायचं नाही. कागदावर आखलेला तो नदीचा अंगठाच आहे, आणि आम्ही तो न धरता पुढं गेलो. थोडं पुढं, अजून थोडं पुढं. मी कोणत्या तोंडानं दुसऱ्याला बोलू? मीही त्या दिवशी धुक्यात तेच केलं होतं.

त्याच २०१९ च्या ऑगस्टच्या ८ तारखेला आमच्याच जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसं आणणारी नाव उलटली. बाया होत्या तिच्यात, लेकरं होती. मी निवारा केंद्रात होते, मोबाइलवर बातमी आली आणि माझा उजवा हात आपोआप पोटाशी गेला, तो फास शोधायला. त्या माणसांच्या अंगावर ओढायला काही नव्हतं. त्यानंतर कितीतरी रात्री मी झोपेत कयाकच्या रांगेतून पाण्यात चालत होते आणि एकेकीचं लाइफ जॅकेट आवळत होते. आजही कुणी नावेत जॅकेट न घालता बसलं, अगदी औदुंबरहून पैलतीराच्या भुवनेश्वरीला जाताना पाच मिनिटांसाठी बसलं, तरी मी गप्प बसू शकत नाही. लोकांना मी आगाऊ वाटते. वाटू दे.

आजी होती तोवर पाणी चढायला लागलं की ती खण-नारळ घेऊन काठावर जायची, कृष्णेची ओटी भरायची आणि म्हणायची, "माये, लेकरांना अंतर देऊ नगंस." लहानपणी मला ते कळायचं नाही. नदी दूर राहावी असंच तर आपल्याला वाटतंय ना, मग अंतर देऊ नको का म्हणायचं? अंतर देणं म्हणजे टाकून देणं, हे आईनं मागाहून सांगितलं. अलास्कातून आल्यावर हे वाक्य मला पुन्हा आठवलं आणि त्याचा गुंता सुटला. सीलपासून मी पाचशे यार्ड लांब राहिले, ते तिला अंतर देऊ नये म्हणून.

आता हिवाळ्याच्या शनिवारी मी पोरांना नदीवर नेते. कयाक नाही, नाव नाही, पायी. आठ-दहा पोरं, दोन दुर्बिणी आणि एक वही. भिलवडी, आमणापूर, औदुंबर या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत. थंडीत सकाळी नऊच्या पुढं ऊन तापलं की त्या काठावर येतात आणि जबडा उघडा टाकून पडतात. पोरांना वाटतं, खायला उघडलाय. तो अंगातली उष्णता सांभाळायला उघडलेला असतो, कुत्रं धापा टाकतं तसा. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात मादी काठाच्या मातीत खड्डा करून पंचवीस-तीस अंडी घालते, आणि पावसाच्या तोंडावर पिल्लं आतून आवाज देतात तेव्हा तीच उकरून त्यांना जबड्यात धरून पाण्यात नेते. ज्या जबड्याची आपल्याला भीती, त्याच्यात ती दातांच्या कुंपणाआड दहा-दहा पिल्लं घेऊन जाते. हे सांगितलं की पोरं एकदम शांत होतात.

पण हे गोड करून सांगायची गोष्ट नाही. या पट्ट्यात मगरीनं माणसं नेली आहेत, लहान मुलं नेली आहेत. पहिल्या वर्षी एका पाणवठ्यावर धुणं धूत असलेल्या मावशींनी मला सुनावलं होतं. "तुमची बघायची मौज हाय बाई. आमाला रोज हितंच उतरायचंय." मला उत्तर सुचलं नाही. ते बरोबरच होतं. नदीकाठची माती वीटभट्ट्यांना जाते, वाळू उपसली जाते, मळीचं पाणी सुटलं की मासे मरून वर येतात. मगरीला जागा उरत नाही आणि मावशींनाही. सुसरबाई तुझी पाठ मऊ म्हणून भागण्यासारखं हे नाही. मी तेव्हापासून पोरांना आणखी एक काम लावलं. कोणत्या वळणावर मगरी ऊन खातात, कुठं बिळं आहेत, कोणत्या महिन्यात, हे त्यांनी वहीत मांडायचं आणि गावात जाऊन पाणवठ्यावरच्या बायकांना सांगायचं. गेल्या वर्षी मावशींनीच मला हाक मारून सांगितलं, की खालच्या अंगाला वाकलेल्या करंजाखाली एक नवी आलीय, मोठी आहे, तिकडं पोरं नेऊ नको. मी त्यांचं नाव विचारून वहीत घालणार होते. त्या म्हणाल्या, माझं कशाला, तिचं घाल.

परवाच्या शनिवारी आम्ही ऐलतीरावर उसाच्या बांधाला बसलो होतो. धुकं फिटत होतं. पैलतीरावर ओंडका दिसत होता, तो ऊन लागल्यावर मगर झाला. पाचवीतला एक पोरगा नवीन आला होता, त्याच्या हातात खडा होता. आल्यापासून तो घट्ट धरून बसलेला. त्याला मी काही म्हटलं नाही. बाकीच्यांनी हात लांब केले, अंगठे उभे केले, एकेक डोळा मिटला. त्यानं इकडंतिकडं बघितलं. अंगठा उभा करायचा तर मूठ सैल करावी लागते. खडा त्यानं खिशात टाकला आणि हात लांब केला.

"बसली का?" मी विचारलं.

"शेपूट दिसतंय."

"मग?"

तो बसल्या जागेवरून मागं सरकला, उसाच्या पाचटात. अजून थोडा. मग अंगठ्याआड बघत तसाच राहिला, तोंड उघडं टाकून. कुणी बोलत नव्हतं. नदीवरून एक बगळा गेला. लांब कारखान्याचा भोंगा झाला तेव्हा मगरीनं जबडा मिटला आणि थोड्या वेळानं परत उघडला. आम्ही अर्धा तास बसलो असू.

उठायची वेळ झाली तेव्हा वही मी त्याच्याकडे दिली. त्यानं तारीख घातली, वारा 'नाही' लिहिलं, मगर 'एक' लिहिलं. शेवटच्या रकान्यापाशी थांबला, मान उंचावून पैलतीराकडे एकदा नीट बघून घेतलं, आणि वही मांडीवर धरून मोठ्या अक्षरांत लिहिलं : तिथंच.